दशमीचे मीठ

आमच्या आत्याच्या हातच्या मिठाबद्दल घराण्यात आजवर दुमत झालेले नाही. मुंज असो की बारसे, पन्नास पानांच्या आमटीत ती अंदाजाने मीठ घालते आणि ते बरोबर पडते. नैवेद्याचा स्वयंपाक चाखून बघायचा नसतो, त्यामुळे ही विद्या तिने परकर नेसण्याच्या वयातच कमावली. म्हणूनच गेल्या दिवाळीत विमानात जे घडले, ते वाचकांच्या कानांवर घालणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आत्याची लेक लंडनला असते. तिच्याकडे फराळ करायला आत्या निघाली आणि सोबतीला आम्ही उभयता. तिकिटे आम्हीच काढली. काढताना जेवणाचा रकाना आम्ही तसाच सोडून दिला. विमानात बसले की जेवण आपोआप पुढ्यात येते, एवढेच आमचे ज्ञान!

रात्री जेवणाची ढकलगाडी निघाली. ती आमच्या रांगेपर्यंत येईतो शाकाहारी ताटे संपली होती. हवाई सुंदरी बिचारी ओशाळली. "आधी कळवलं असतं, तर आपल्या नावाचं ताट चढवलं असतं," असे म्हणून तिने फळे आणि पाव आणून दिला. सौभाग्यवतीने आमच्याकडे एकदाच पाहिले. ते पाहणे विवाहित वाचकांच्या परिचयाचे आहे.

आत्याने मात्र काही न बोलता पिशवीतून डबा काढला. दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. तिने पहिला घास घेतला आणि ती थबकली.

"अगं, मीठ राहिलं की काय गं यात?"

"नाही हो आत्या, छान झाल्यात," सौ. म्हणाली. खरे सांगायचे तर दशमी आम्हांलाही अळणी लागत होती.

आत्याने डबा मिटला. "हात गेला माझा. यंदा फराळ तुम्हीच करा. मी आपली बसून सांगेन."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने हे किती सहज म्हटले! पण पुढे रात्रभर ती जागी होती, हे आम्ही पाहिले. ज्या हातावर सारे घर विसंबले, तो हात गेला म्हणजे काय गेले, ते तिलाच ठाऊक.

लंडनला पोचल्यावर हकीगत निघाली. आत्याची नात तिथे अन्नशास्त्र शिकते. ती हसायलाच लागली.

"आजी, हात नाही गेला. जीभ गेली होती, तीही तेवढ्यापुरती!"

मग तिने उलगडा केला. विमान पस्तीस हजार फुटांवर उडत असले, तरी आतला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असावा तेवढा ठेवतात. म्हणजे आपण सिमल्याला बसून जेवतो म्हणा ना! त्यातून हवा कमालीची कोरडी, ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली. नाक सुकते, वास कळत नाही, आणि वासावाचून चव कुठली? जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने 2010 च्या सुमारास लुफ्तान्सा कंपनीसाठी याचा शोध घेतला. दाब कमी करता येईल अशा प्रचंड नळकांड्यात विमानाचा एक भागच ठेवला आणि त्यात माणसांना जेवू घातले. सर्दी झाल्यावर लागते तशी चव लागते, असे आढळले. मीठ आणि साखर कमी भासतात, आंबट आणि कडू यांत फारसा फरक पडत नाही. जमिनीवर ज्याला मातकट वास येतो, तो टोमॅटोचा रस वर मात्र गोड लागतो.

"उरलेली दशमी आण बघू," नात म्हणाली.

डब्यात दोन होत्या. आत्याने तुकडा मोडला, तोंडात घातला, डोळे मिटले.

"मीठ बरोबर आहे की रे!" एवढेच ती म्हणाली आणि पदर खोचून तिने लेकीला चकलीची भाजणी कुठे ठेवली आहे ते विचारले.

तेव्हापासून विमानातल्या जेवणाला नावे ठेवणे आम्ही सोडले आहे. 1919 साली लंडन-पॅरिस मार्गावर हँडली पेज कंपनीने तीन शिलिंगांना थंड फराळाची पेटी विकली, तिथून हा व्याप सुरू झाला. आज ते अन्न काही तास आधी विमानतळाजवळच्या स्वयंपाकघरात शिजते, झटपट थंड होते आणि वर नुसते गरम होते. म्हणून रस्साभात तग धरतो आणि पोळीचे कातडे होते. वर पाणीसुद्धा शंभर अंशांच्या आतच उकळते, मग चहा तरी कसा जमावा? शिळे, गरम केलेले अन्न बधिर जिभेला रुचवायचे, हे काम कोणत्या सुगरणीने पत्करले असते?

प्रवासाला निघणाऱ्यांनी एवढे करावे. शाकाहारी, जैन, मधुमेहींचे, जे ताट हवे असेल ते निदान चोवीस तास आधी कळवावे. स्वस्त तिकिटात जेवण असतेच असे नाही, तेही पाहून घ्यावे. पाणी पीत राहावे. आणि डब्यात दशम्या असाव्यात. त्या अळणी लागल्या, तर करणारीला ते विमानात बोलून दाखवू नये. जमिनीवर उतरेपर्यंत धीर धरावा.

आत्याच्या चकल्या यंदाही आल्या आहेत. मीठ बरोबर आहे.