पोटांतले शब्द

भाषेचें अंतरंग जाणावयाचें असेल, तर ती पोटाविषयीं काय बोलते तें पाहावें. १६०५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'डॉन क्विक्झोट'मधील सँको पँझाचें आडनांव म्हणजे स्पॅनिशांत पोटच होय. आणि संकटांत धीर एकवटण्यास ते लोक 'आंतड्यांचें काळीज करणें' म्हणतात.

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत पोट प्रथम भुकेची भाषा बोलतें. पाथर्डीकडून ऊंसतोडीस जाणाऱ्यांचें पोट हातावर. १९७२ च्या दुष्काळांत हजारों माणसें पोट जाळण्यासाठीं खडी फोडीत होतीं.

परंतु मराठीचें पोट केवळ मागणारें नव्हे. गुपित पोटांत ठेवावें, लेंकरूं पोटाशीं धरावें, अपराध पोटांत घालावा, असें ती सांगते. एकत्र कुटुंब टिकतें तें या शेवटल्या गुणावर. मात्र सासूचा शब्द सुनेनें पोटांत घालावा, असें आपण सहज म्हणतों. सुनेची चूक कोणीं पोटांत घातली, हें क्वचितच विचारतों. शेवटीं जेवणारीच्याच पोटांत सर्वांचे अपराध कां मावावे? आम्हांस वाटतें, ज्याच्या ताटांत प्रथम वाढलें जातें, त्यानेंच प्रथम पोटांत घालावयास शिकावें.