कोळणीच्या टोपलींत कायद्याची पट्टी

मुंबईच्या पूर्व अंगास, चेंबूरच्या पलीकडे, तेलशुद्धीच्या कारखान्यांच्या अजस्र टाक्यांना पाठ लावून माहुल नांवाचा जुना कोळीवाडा उभा आहे. येथील कोळी समोरच्या खाडींत जाळीं टाकतात, आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलांत कोळणी निवट्या, चिंबोऱ्या व शिवल्या वेंचतात. या किनाऱ्याच्या मासेमारीची एक जुनी रीत अशी कीं, भरतीओहोटीच्या ओघांत डोल अगर बोक्शी तोंड पसरून उभी करावयाची, आणि पाण्याचा जोर ओसरला म्हणजे ती उपसावयाची. या रीतींत कोळी मासा निवडीत नाहीं. ओघ जें आणतो तेंच जाळें घेतें. वाचकांनीं एवढी गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सारा वाद तिच्यावरच उभा आहे.

सन २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारनें ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटरांहून आणि बोंबील १८० मिलिमीटरांहून लहान असतां पकडणें नियमबाह्य ठरलें. त्याच वर्षीं पापलेटाला ‘राज्यमासा’ ही पदवीहि मिळाली. नियमाच्या हेतूविषयीं आमची कांहीं तक्रार नाहीं. जो मासा एकदांहि अंडीं न घालतां मारला जातो, तो आपल्याबरोबर पुढची पिढीहि घेऊन जातो. हें समजण्यास मत्स्यशास्त्राची पदवी लागत नाहीं. सातपाटीच्या कोळ्यांना विचारा; पापलेटाचीं पिलें बारीक जाळ्यांत नाहींशीं होतात ही त्यांची ओरड सरकारी आदेशाच्या कितीतरी आधींची आहे. आमची तक्रार आहे ती हा नियम कोठें उभा राहतो याविषयीं. तो जाळें पाण्यांत पडण्यापूर्वीं उभा राहिला तर मासा वांचतो. तो बंदरावर, हातांत पट्टी घेऊन, कोळणीच्या टोपलीशीं उभा राहिला तर मासा वांचत नाहीं. फक्त कोळीण नागवली जाते.

याचें कारण साधें आहे. डोल उपसली म्हणजे तिच्या शेवटच्या टोंकांत बोंबील, मांदेली, कोलंबी आणि त्यांच्याबरोबर पापलेटाचीं बोटभर पिलें एकत्र दाबून बाहेर येतात. ओघाच्या दाबानें त्यांतील बहुतेक जीव होडींत पडतांच गतप्राण झालेले असतात. आतां नियमाला भिणाऱ्या कोळ्यापुढें दोनच वाटा उरतात. मेलेलीं पिलें पुन्हां पाण्यांत फेंकून द्यावीं, किंवा तीं किनाऱ्यावर आणून दंडास पात्र व्हावें. पहिल्या वाटेनें गेल्यास कायदा पाळला जातो आणि अन्नाची नासाडी होते. दुसऱ्या वाटेनें गेल्यास कायदा मोडतो, पण निदान एका घराचें कालवण होतें. समुद्राच्या हिशेबांत दोहोंचें फळ एकच. असा कायदा मासा राखीत नाहीं. तो केवळ मेलेला मासा नजरेआड करतो.

कांहीं विद्वान् यावर म्हणतात कीं, युरोपाप्रमाणें आपणहि प्रत्येक जातीच्या मासळीचा वांटा ठरवून द्यावा, म्हणजे सर्व सुरळीत होईल. त्यांनीं युरोपाचा अनुभव अर्धाच वाचला आहे. तेथें वांटे ठरले. परंतु जाळ्याला वांटा समजेना. ज्या जहाजाचा एका जातीचा वांटा संपला, त्यानें दुसऱ्या जातीसाठीं जाळें टाकलें तरी पहिली जात त्यांत येतच राहिली, आणि ती बंदरांत आणणें गुन्हा म्हणून वर्षानुवर्षें उत्तम खाण्याजोगी मासळी मेलेल्या स्थितींत समुद्रांत लोटली गेली. नॉर्वेनें १९८७ मध्येंच कॉड व हॅडॉक हे मासे फेंकून देण्यास बंदी केली. युरोपीय संघाला हें शहाणपण २०१३ च्या सुधारणेंत सुचलें, आणि पकडलेली मासळी किनाऱ्यावर आणण्याची सक्ति २०१५ ते २०१९ या काळांत टप्प्याटप्प्यानें अमलांत आली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें २०१९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारें ९१ लक्ष टन मासळी अशी फेंकली जाते; म्हणजे समुद्रांतून निघणाऱ्या मासळीचा जवळजवळ दहावा हिस्सा. तींत तळ खरवडणाऱ्या जाळ्यांचा वांटा सर्वांत मोठा आहे. किनाऱ्यावर मोजमाप आणि समुद्रावर मोकळीक, या धोरणाचें फळ परक्यांनीं भोगून झालें आहे. तें आपण पुन्हां कशाला चाखावें?

आपल्याकडे नासाडीचें रूप निराळें आहे, आणि म्हणूनच तें फसवें आहे. येथें मासा फारसा फेंकला जात नाहीं, कारण त्याला गिऱ्हाईक आहे. कोलंबीसाठीं तळ खरवडीत जाणारे ट्रॉलर जीं बारीकसारीक पिलें गोळा करतात, तीं टोपल्यांत भरून कूट करणाऱ्या कारखान्यांकडे जातात, आणि तेथून कोंबड्यांच्या व तलावांतील कोलंबीच्या खाद्यांत मिसळतात. जें पापलेट एका वर्षानें ताटाचा मान झालें असतें, तें आज कवडीमोलानें कोंबडीच्या पोटांत जातें. वाया कांहीं गेलें नाहीं, असें वहीवरून दिसतें. परंतु बी-बियाणें दळून त्याची भाकरी करणाऱ्या शेतकऱ्याच्या वहींतहि वाया गेलेलें कांहीं दिसत नाहीं. तें पुढच्या पावसाळ्यांत दिसतें.

“मग जाळ्याचे डोळे मोठे करा,” असें कोणी म्हणेल. ट्रॉलरच्या बाबतींत हें अगदीं रास्त आहे. जाळें ताणलें गेलें म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराचे डोळे मिटतात आणि चौकोनी डोळे उघडे राहतात. म्हणून शेंपटाशीं चौकोनी डोळ्यांचें जाळें लावावें, असें कोचीची केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था कित्येक वर्षें सांगत आली आहे. परंतु डोलीला हाच न्याय सरसकट लावतां येत नाहीं. जवळा हें या किनाऱ्यावरील गरिबाचें अन्न. तो पूर्ण वाढला तरी बोटाच्या पेरापेक्षां फारसा मोठा होत नाहीं. त्याला धरावयाचें तर जाळें बारीकच हवें, आणि जें जाळें जवळा धरतें तें पापलेटाचें पिलूंहि धरतें. सर्व जाळ्यांना एकच गज लावणारा अधिकारी एक तर जवळा बंद करील, नाहीं तर नियम कागदावर ठेवील. अशा वेळीं सरकारी कागदाची जाडी नेहमींच वाढते, हा आपला अनुभव आहे.

तेव्हां उपाय राहतो तो काळाचा आणि जागेचा. तो कोळ्यांना नवा नाहीं. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावांचून दर्यांत होडी लोटावयाची नाहीं, हा त्यांचा धर्म कोणत्याहि अधिनियमाहून जुना आहे. आज सरकार १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांस बंदी करतें, तें याच शहाणपणाचें शासकीय रूप होय. त्याचीच पुढची पायरी म्हणजे, ज्या पंधरवड्यांत ज्या पट्ट्यांत पिलांचे थवे उतरतात, तेवढ्या काळापुरती तेथें बारीक जाळीं बंद ठेवणें. तो पंधरवडा कोणता, हें मंत्रालयांतील कारकुनाला ठाऊक नसेल. डोल लावणाऱ्या कोळ्याला तो ठाऊक असतो. त्याला विचारा, आणि बंद दिवसांची भरपाई द्या. हें अशक्य नाहीं. डॉल्फिन, कासव अगर देवमुशी जाळ्यांत सांपडल्यास जाळें कापून तिला सोडणाऱ्या कोळ्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना याच राज्यानें २०१८ मध्यें सुरू केली आहे. जी बुद्धि देवमुशीसाठीं सुचली, ती पापलेटासाठीं कां सुचूं नये? आणि दंडच करावयाचा तर तो कूट करणाऱ्या कारखान्याच्या फाटकाशीं करावा. तेथें पिलें टोपलीनें नव्हे, टनानें मोजलीं जातात.

आतां पुन्हां माहुलकडे वळूं. माहुल आणि शिवडी यांच्यामधला चिखल हिवाळ्यांत रोहितपक्ष्यांनीं गुलाबी होतो, आणि तो पाहण्यास शहरांतील लोक दुर्बिणी घेऊन जातात. त्याच चिखलांत आणि त्याच्या काठच्या तिवरांच्या मुळांशीं कोलंबीचीं व माशांचीं पिलें वाढतात. तीं पाहण्यास मात्र कोणी जात नाहीं. ऑगस्ट २०१० मध्यें बंदराच्या तोंडाशीं दोन जहाजांची टक्कर होऊन सुमारें ८०० टन तेल समुद्रांत सांडलें व तिवरांना काळा लेप बसला. मासेमारी थांबली, बाजारांत मासळीला कोणी हात लावीना. त्या तेलानें किती पिलें मारलीं, त्यांपैकीं किती १३५ मिलिमीटरांहून लहान होतीं, हें पट्टी लावून कोणी मोजलें काय? तिवरें तोडूं नयेत म्हणून २००५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. पाळणाघर उद्ध्वस्त करणारावर नजर सैल आणि टोपली घेऊन बसलेल्या बाईवर कडक, अशा कायद्याचा दरारा कदाचित् राहील. आदर राहणार नाहीं. कोळ्याचेंहि चुकतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. बारीक डोळ्यांचें नायलॉनचें जाळें त्यानें आपखुषीनें घेतलें आहे, आणि शेजाऱ्याची चढाओढ हें त्याचें निमित्त आहे. परंतु चूक सुधारण्यास सांगणारानें आधीं आपला हात स्वच्छ ठेवावा लागतो.

आणि वाचकहो, तो हात आपलाहि आहे. रविवारीं सकाळीं बाजारांत जाऊन, “मोठें पापलेट परवडत नाहीं, हीं लहान चार द्या, ताटांत एकेक अख्खें वाढतां येतें,” असें म्हणणारे कोण? खाणावळींत ताटलीएवढें पापलेट हवें म्हणून हट्ट धरणारे कोण? कायदा माहुलच्या खाडीपर्यंत पोंचेल तेव्हां पोंचो. आपल्या पिशवीपर्यंत तो आजच पोंचूं शकतो. तळहाताहून लहान पापलेट आम्ही घेणार नाहीं, एवढें सुशिक्षित घरांनीं ठरवलें, तर त्या पिलांचा भाव पडेल, आणि भाव पडला म्हणजे त्यांच्या थव्यावर जाळें लावण्याचा मोह कमी होईल. कोळणीच्या टोपलींत पट्टी घालण्यापूर्वीं ती आपल्या ताटावर ठेवून पाहावी, एवढेंच आमचें मागणें आहे.