मोकळेपणा की मोकाट जीभ?

‘कॉफी विथ करण’बद्दल एक मत मी नेहमी ऐकते, “अगं, किती मोकळेपणाने बोलतात सगळे! सोफा, हातात कॉफीचा मग, कसलं दडपण नाही.” मैत्रिणींनो, मला हे मत मुळीच पटत नाही.

२००४ पासून चालत आलेल्या या कार्यक्रमात ‘रॅपिड फायर’ असते. झटपट, झणझणीत उत्तरे देणाऱ्याला भेटवस्तूंची टोपली! आणि उत्तर झणझणीत कधी होते? समोर नसलेल्या कुणाचे तरी नाव घेतले की. ज्या बोलण्यावर बक्षीस लावले आहे, त्याला मोकळेपणा कसे म्हणायचे?

जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पांड्या आणि के. एल. राहुल तिथे आले. पांड्या स्त्रियांबद्दल नको ते बोलला. क्रिकेट मंडळाने दोघांना निलंबित केले, पुढे प्रत्येकी २० लाख रुपये दंडही झाला. चूक होतीच. पण तसे प्रश्न विचारले कोणी? आणि तशाच प्रश्नांवर इतकी वर्षे हसले कोण? आपणच. मीही त्यात होते.

दूरदर्शनवर १९७२ ते १९९३ तबस्सुमही कलाकारांशी हसतखेळत गप्पा मारत. त्या रंगायला कुणाची उणीदुणी काढावी लागत नसत.

जेवताना मुलांनी गैरहजर माणसाची टिंगल केली तर आपण त्यांना गप्प करतो. मग टीव्हीसमोर त्याच टिंगलीला दाद का? मुले आपले सांगणे विसरतात, आपले हसणे मात्र लक्षात ठेवतात.