'आमच्यात तुमचं जमेल का?'

माझी एक जुनी विद्यार्थिनी परवा घरी आली. दहावीपर्यंत उर्दू शाळेत माझ्याकडे मराठी शिकली, पुढे बी.एस्सी., बी.एड. केलं. आता एका खाजगी इंग्रजी शाळेत विज्ञान शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत आहे. म्हणाली, "सर, विषयाची भीती नाही. पण वेगळ्या संस्कृतीच्या सहकाऱ्यांसोबत कसं काम कराल, असं विचारतात म्हणे. काय सांगू?"

मला माझीच एक मुलाखत आठवली. वीसेक वर्षं झाली. संस्थेचं नाव सांगत नाही. समितीतल्या एका गृहस्थांनी आधी कौतुक केलं, "तुमचं मराठी फार छान आहे हो!" तिवसा तालुक्यात वाढलेल्या माणसाचं मराठी छान असण्यात नवल ते काय? मग विचारलं, "स्टाफ सगळा आमचाच आहे. आमच्यात तुमचं जमेल ना?"

मी भाषण ठोकलं. श्रीगोंद्याचे शेख महंमद आणले, कबीर आणले. तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम आमच्याच तालुक्यात मोझरीला, 1935 पासूनचा. तिथल्या सामुदायिक प्रार्थनेबद्दलही बोललो. समितीने मान डोलावली. नोकरी मिळाली नाही. ती का मिळाली नाही, हे मला कळलेलं नाही. पण एवढं नक्की की त्या दहा मिनिटांत मी स्वतःच्या कामाबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. संतांची नावं मी चारित्र्याच्या दाखल्यासारखी पुढे केली होती.

आपल्या मुलामुलींची इथेच गल्लत होते. प्रश्न आला की ते सफाई देऊ लागतात. 'मी सगळ्या धर्मांचा आदर करतो', 'माझे बरेच मित्र हिंदू आहेत.' आरोप झालेला नसताना सफाई कशाला? प्रश्न कामाचा आहे, उत्तरही कामाचंच द्यावं.

मी तिला विचारलं, "बी.एड.ला तुझ्या गटात कोण होतं?" पाच जणी, त्यात ती एकटी मुस्लिम. महालक्ष्म्या बसल्या तेव्हा दोघी मैत्रिणींना घरून निघता येईना. त्यांचे सराव पाठ हिने घेतले. पुढे रमजानमध्ये दुपारचे पाठ हिला जड जाऊ लागले, तेव्हा त्या दोघींनी स्वतःचे सकाळचे तास तिला दिले. एकदा मात्र वेळ बदलल्याचं मार्गदर्शक शिक्षकांना सांगायचं राहून गेलं आणि सगळ्यांनी बोलणी खाल्ली. तेव्हापासून बदल आधी वहीत लिहायचा, असं गटाने ठरवलं.

"हेच सांग," म्हटलं. काय अडचण होती, तू काय केलंस, कुठे चुकलं, काय शिकलीस. दोन मिनिटांत संपतं आणि ऐकणाऱ्याला कळतं की ही बाई उद्या आपल्या स्टाफरूममध्ये कशी वागेल.

"आणि सरस्वती पूजनाचं विचारलं तर?" तिचा पुढचा प्रश्न. माझं मत असं, की जे खरं तेच बोलावं. 'कार्यक्रमाला हजर राहीन, मुलांची व्यवस्था बघेन, पूजा मी करणार नाही.' आवाज न चढवता. होकार देऊन नोकरी मिळवायची आणि मग दरवर्षी त्या दिवशी रजा टाकायची, यात दोघांचाही विश्वास जातो. नकार आलाच तर तो मुलाखतीत आलेला बरा.

चांगल्या उत्तराने सगळं सुटतं, असं मात्र मी म्हणत नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास 2007 साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला होता. खाजगी नोकऱ्यांच्या 548 जाहिरातींना त्यांनी 4808 अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांश निघाली, दलित नावाला दोन तृतीयांश. म्हणजे अनेकांची पाळी प्रश्नापर्यंत येतच नाही. हा दोष अर्जदाराच्या उत्तरात नाही आणि त्याचं ओझं आपल्या मुलांनी डोक्यावर घेऊ नये. हा प्रश्न विचारायचाच असेल तर समितीने तो प्रत्येक उमेदवाराला विचारावा. पाटील, देशमुखांनाही विचारावं की मुस्लिम सहकाऱ्यासोबत तुम्ही कसं काम केलंत?

आणि आपणही स्वतःला विचारावं. मी ज्या उर्दू शाळेत पूर्वी होतो, तिथे मराठी शिकवायला एक हिंदू सर होते. स्टाफरूममध्ये आमचं दिवसभर उर्दूत चालायचं. ते वर्तमानपत्र घेऊन कोपऱ्यात बसायचे. रमजानमध्ये चहा बंद व्हायचा आणि ते गुपचूप बाहेरच्या टपरीवर जायचे. 'सर, तुमच्या चहाचं काय करायचं?' एवढं विचारायला मला तीन वर्षं लागली. विचारलं तेव्हा ते हसले, म्हणाले, "आता सवय झाली." त्यांना कुणी त्रास दिला नव्हता, पण त्यांची कुणी दखलही घेतली नव्हती. 'आमच्यात तुमचं जमेल का?' हा प्रश्न आम्ही न बोलता विचारत होतो. जमवून घेण्याचं काम जे संख्येने जास्त, त्यांचं आधी.

तिची मुलाखत सोमवारी आहे. जाताना म्हणाली, "सर, मोझरीचं सांगू का थोडं?" म्हटलं, नको बेटा. मोझरी त्यांनाही माहीत आहे. तू महालक्ष्म्यांच्या दिवशी घेतलेल्या तासांचं सांग, ते त्यांना माहीत नाही.