फोर्साइट घराण्याचा वारसा

जॉन गॉल्सवर्दी यांच्या कादंबऱ्यांवर बीबीसीने १९६७ मध्ये ‘द फोर्साइट सागा’ ही २६ भागांची कृष्णधवल मालिका केली. पुढच्या वर्षी रविवारी संध्याकाळी ती पुन्हा दाखवायला सुरुवात झाली, तेव्हा काही चर्चनी प्रार्थनेची वेळच बदलली. एरिक पोर्टर यांनी साकारलेला सोम्स चित्रं जमवतो आणि त्याच मालकी हक्काने पत्नी आयरीनकडेही पाहतो. त्याचा संताप येतो, तरी त्याच्या एकटेपणाने जीव कळवळतो. ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’सारख्या पुढच्या मालिकांची वाट ‘द फोर्साइट सागा’मुळे सोपी झाली. कौटुंबिक मालिका म्हणजे नुसती भांडणं नव्हेत. पैसा, प्रतिष्ठा आणि प्रेम यांचा हिशेब ती चोख मांडू शकते.