चालता कॉम्प्युटर भंगारात कशाला?

विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी रामराम ठोकला. तेव्हापासून इंदूरच्या बाजारात जुना लॅपटॉप घेऊन गेलं की उत्तर ठरलेलं: "भिया, अब तो नया ही ले लो." कारण विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे ढोबळमानाने 2018 च्या पुढचा. घरोघरी असलेली 2014-15 ची यंत्रं या चाळणीत अडकतात. स्क्रीन उत्तम, कीबोर्डवरची दोन-चार अक्षरं तेवढी पुसलेली, तरी ते भंगार! घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मुदतवाढ दिली गेली खरी, पण ते आजचं मरण उद्यावर ढकलणं झालं. ओला-सुका कचरा वेगळा केला नाही तर शेजाऱ्याला टोकणारे आपण इंदूरकर चालत्या यंत्राला मात्र मुकाट्याने कचरा म्हणायला तयार होतो, याचं नवल वाटतं.

माझं म्हणणं एवढंच की अशा यंत्रांना नवा मालक नको, नवं सॉफ्टवेअर हवं, आणि ते कायदेशीररीत्या फुकट मिळतं.

यावर हमखास येणारं उत्तर असं की आमच्याकडे आत्ताही सगळं फुकटच आहे. "सब डाल दिया है" म्हणून दुकानातून जे भरून मिळतं त्यात चोरीचं ऑफिस असतं, चोरीचं फोटोशॉप असतं. ते बसवताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या कॉम्प्युटरवर आपण बँकेचे व्यवहार करतो, त्याचा दरवाजा अनोळखी माणसासाठी उघडा ठेवायचा, हे फुकट कसलं?

निवड कशी करावी? आधी विंडोज तसंच ठेवून रोजची साधनं बदला. लिहायला आणि हिशेबाला लिब्रेऑफिस, इंटरनेटला फायरफॉक्स, गाणी-सिनेमाला व्हीएलसी, फोटोंसाठी गिंप. हात बसला की मग सिस्टिम बदला. उलट क्रमाने गेलं की सगळंच एकदम अनोळखी होतं आणि घरातली माणसं आठवड्यात बंड करतात. डाउनलोड मूळ संस्थेच्याच साइटवरून करा, आणि शेवटची मोठी आवृत्ती कधी निघाली ते पाहा. ओपनऑफिस हे नाव अजून पुष्कळांच्या तोंडी आहे, पण त्याचं काम करणारी बहुतेक मंडळी 2010 मध्येच लिब्रेऑफिसकडे गेली.

विंडोजच्या जागी सिस्टिम म्हणून लिनक्स मिंट. पेन ड्राइव्हवर घेऊन, काहीही न पुसता, आधी चालवून पाहता येतं. वायफाय लागतं का, आवाज येतो का, छपाई होते का, हे तिथेच कळतं. मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती चार जीबी रॅमवर बरी चालते. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर यंत्र ओळखू येत नाही. तो खर्च मात्र करा. डेटाची प्रत आधी बाहेर काढून ठेवा, हे सांगायला नको.

आता मराठीचं. मंडळांच्या जुन्या स्मरणिका, आजोबांच्या आठवणी, कितीतरी मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये लिहिलेलं सगळीकडे वाचता येतं, आणि मुंबईच्या 'एक टाइप'चा मुक्ता हा देखणा फॉन्ट त्यासाठी फुकट आहे. 1986 मध्ये ठरलेला इन्स्क्रिप्ट कळफलक हिंदी-मराठीला एकच, आणि लिनक्सवर तो निवडला की झालं. म्हणजे हिंदी टंकलेखन इन्स्क्रिप्टवर शिकलेल्या इथल्या मुलांना मराठीसाठी वेगळं काही शिकावं लागत नाही.

लिब्रेऑफिसमध्ये एक खोच आहे. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये भाषांचं पान असतं. तिथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'समोर मराठी निवडायचं. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तिथे इंग्रजीपासून वेगळा धरला जातो. हे न कळल्यामुळे लोक म्हणतात, अक्षर मोठंच होत नाही! शिवाय वर्डमध्ये मंगल फॉन्टात केलेलं एक पानी पत्र इथे दीड पानावर सांडू शकतं. म्हणून दुसऱ्याला पाठवताना पीडीएफ पाठवावी.

अडचणी आहेतच. ज्या घरात टॅलीवर हिशेब चालतात, डिजिटल सहीचा टोकन लावून सरकारी कामं होतात, त्यांनी विंडोज सोडू नये. त्यांनी फक्त वरची साधनं वापरावीत. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर निमूट चालतात, पण आपल्याकडे जागोजागी दिसणारा कॅननचा एलबीपी 2900 भलताच रुसतो. मुलाला कॉलेजात फोटोशॉपच शिकवत असतील तर गिंपने त्याचं भागणार नाही.

पण "फुकटचं ते टिकत नाही" हे मात्र मला मान्य नाही. व्हीएलसीचं मूळ पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात आहे, तो अजून चालू आहे. खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच आहे. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवर शिकताहेत. तिथल्या दहावीच्या पोराला जमतं ते आपल्याला का जमू नये?

खरी उणीव आहे ती शेजारी बसून दाखवणाऱ्या माणसाची. म्हणून इंदूरच्या मराठी मंडळांना आणि ग्रंथालयांना विनंती: रविवारी सकाळी दोन तास सभागृहाचा एक कोपरा द्या, तिथे एक लिनक्स घातलेला जुना कॉम्प्युटर ठेवा आणि कॉलेजातली दोन मुलं बसवा. ज्यांना विंडोज 10 ची चिंता आहे ते आपापला लॅपटॉप घेऊन येतील. आणि स्मरणिकेसाठी मजकूर मागवताना तो युनिकोडमध्येच पाठवा, अशी एक ओळ यंदापासून जरूर छापा.

आपला,
एक वाचक
लोकमान्यनगर, इंदूर