दादोबांच्या सुरतेत नवे मांत्रिक

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे यंदा एक सूचना आली आहे. अंतर्मनाचे सामर्थ्य, आकर्षणाचा नियम, विश्वाची गुप्त ऊर्जा अशा विषयांवरील पुस्तकांना वाचकांची मागणी वाढत आहे. तेव्हा ग्रंथालयात त्यांच्यासाठी स्वतंत्र कपाट असावे आणि पुढील वर्षी अशाच एखाद्या लेखकाचे व्याख्यान ठेवावे, असे सूचकांचे म्हणणे आहे. सूचना सद्हेतूने केलेली आहे, याबद्दल मला शंका नाही. तरीही तिला माझा विरोध आहे, आणि त्याची कारणे बैठकीत दोन मिनिटांत उरकण्याजोगी नसल्याने ती येथे मांडतो.

कारण सांगण्याआधी एक प्रसंग. माझ्या एका जुन्या मित्राचे दीर्घ आजारानंतर निधन झाले. तेरावा झाल्यावर मी घरी गेलो असता वहिनींनी बराच वेळ गप्प राहून विचारले, "भाऊजी, यांच्या आजारपणात माझ्या मनात सारखे वाईटच येत होते. त्यामुळे तर हे गेले नाहीत ना?" मित्राच्या उशाशी कोणीतरी आपुलकीने आणून दिलेले एक पुस्तक होते. मनात जे चित्र धरावे तेच घडते, भीती बाळगली की भीतीच खरी होते, असा त्याचा सारांश. चाळीस वर्षे संसार केलेल्या आणि पाच महिने रात्रंदिवस सेवा केलेल्या बाईला त्या पुस्तकाने नवऱ्याच्या मृत्यूचे आरोपी करून ठेवले होते. हा अपघात नव्हे. त्या विचारसरणीचा तो अटळ निष्कर्ष आहे. विचाराने आरोग्य येत असेल, तर रोगही विचारानेच आला पाहिजे. आणि मग रोग्याला व त्याच्या माणसांना दोषी धरण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

हा प्रश्न सुरतेला नवा नाही. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून ज्यांना आपण ओळखतो, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४० च्या दशकात याच शहरात सरकारी इंग्रजी शाळेवर होते. २२ जून १८४४ रोजी दुर्गाराम मेहताजी आणि इतर काही स्नेह्यांबरोबर त्यांनी येथे मानवधर्म सभा स्थापन केली. मराठी आणि गुजराती माणसांनी मिळून उभारलेली ती संस्था पश्चिम भारतातील सुधारणेच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होय. तिचे आयुष्य अल्प ठरले. दादोबा १८४६ मध्ये मुंबईस गेले आणि मेहताजी १८५२ मध्ये राजकोटास. पण तेवढ्या अवधीत सभेने एक गोष्ट उघडपणे केली. मंत्र म्हणून परिणाम घडविण्याचा दावा करणाऱ्यांना आणि जादूगारांना तिने जाहीर आव्हान दिले: विद्या खरी असेल, तर सर्वांसमक्ष दाखवा.

आव्हान साधे होते, आणि मांत्रिकाला ते टाळणे कठीण होते. मूठ मारतो म्हणणाऱ्याने मूठ मारून दाखवावी. न साधल्यास लोकांनी घरी जावे. आजच्या गूढवादी आत्मोन्नतीच्या लेखकाने मात्र ही पंचाईत ओळखून आधीच दार बंद करून घेतले आहे. त्याचा उपाय लागू पडला, तर नियम सिद्ध झाला. न पडला, तर वाचकाची श्रद्धा कमी पडली, मनात कोठेतरी संशय होता, चित्र पुरेसे स्पष्ट नव्हते. नाचता येईना, अंगण वाकडे, अशी आपली म्हण आहे. येथे नाचणारा लेखक आहे आणि वाकडे अंगण मात्र वाचकाचे! जो दावा कोणत्याही परिस्थितीत खोटा ठरूच शकत नाही, त्याला नियम म्हणता येत नाही. नोकरीत असताना ज्या प्रस्तावात अपयशाची जबाबदारी आधीच लाभार्थ्यावर ढकललेली असे, त्या प्रस्तावाकडे आम्ही अधिक बारकाईने पाहत असू. तीच सवय येथेही उपयोगी पडावी.

आता हे लेखक कोण, ते पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी 'योगी रामचरक' या नावाने हठयोग व प्राणायाम यांवरील इंग्रजी पुस्तके निघाली. ती भारतातही पुन्हापुन्हा छापली गेली, आणि लेखक कोणी हिमालयवासी असावा अशा समजुतीने अनेकांनी ती वाचली. हे योगी म्हणजे विल्यम वॉकर ॲटकिन्सन नावाचे अमेरिकन वकील. त्यांनीच १९०६ मध्ये स्वतःच्या नावाने विचारलहरी आणि आकर्षणाचा नियम यांवर पुस्तक लिहिले. म्हणजे आज प्राचीन गुपित म्हणून जे विकले जाते, त्यातील बराचसा माल शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतील 'न्यू थॉट' या चळवळीचा आहे, आणि त्यावरील भारतीय शिक्का पुष्कळदा तिकडेच मारलेला आहे.

१९५६ मध्ये 'द थर्ड आय' हे तिबेटी लामा लोबसांग राम्पा यांचे म्हणून आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि अफाट खपले. तिबेटच्या जाणकारांना शंका आली, गुप्तहेर नेमला गेला, आणि १९५८ मध्ये उघड झाले की लामा म्हणजे सिरिल हॉस्किन हे इंग्लंडमधील एका नळकारागिराचे चिरंजीव. तिबेट त्यांनी पाहिलेलेही नव्हते. यावर त्यांचा खुलासा असा, की लामाने आपल्या देहात परकायाप्रवेश केला आहे! पुस्तके पुढेही खपतच राहिली. नेपोलियन हिल यांच्या १९३७ च्या सुप्रसिद्ध ग्रंथाचा पाया असा, की १९०८ मध्ये अब्जाधीश अँड्र्यू कार्नेगी यांनी त्यांना यशाचे रहस्य शोधण्याची कामगिरी सोपविली. कार्नेगींचे चरित्रकार डेव्हिड नसॉ यांना या दोघांची भेट झाल्याचा कोणताही पुरावा आढळला नाही.

आणि २००६ चे 'द सीक्रेट'. ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणी निर्मात्या रॉन्डा बर्न यांच्या या पुस्तकात, अन्नाने वजन वाढत नसून अन्नाने वजन वाढते या विचाराने ते वाढते, असे प्रतिपादन आहे. स्तनाचा कर्करोग झालेली एक स्त्री कृतज्ञता आणि विनोदी चित्रपट यांच्या बळावर, किरणोपचार वा औषधोपचार न घेता, तीन महिन्यांत बरी झाल्याची कथाही त्यात आहे. ही कथा वाचून एखाद्या लेकीने वा सुनेने शस्त्रक्रिया लांबणीवर टाकली, तर जबाबदार कोण? याच नावाच्या चित्रपटात गुरू म्हणून झळकलेले जेम्स आर्थर रे यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सेडोनाजवळ एक शिबिर घेतले. प्रत्येकी नऊ हजार डॉलरहून अधिक शुल्क भरून आलेल्या लोकांना तापलेल्या दगडांच्या वाफेने भरलेल्या बंदिस्त तंबूत बसविण्यात आले. तिघे मरण पावले. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल २०११ मध्ये रे दोषी ठरले आणि त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली.

कोणी म्हणेल, लेखक लबाड असला तरी त्याचे म्हणणे खरे असू शकते. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून माणूस बाजूला ठेवून दाव्याचीच परीक्षा करावी. आणि ती करण्याची रीत आपल्या मराठी मुलखानेच दाखवून दिली आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर यांनी नरेंद्र दाभोलकर आदी सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिकांतून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका देण्यात आल्या. पत्रिका कोणत्या गटातील, एवढेच सांगायचे होते. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरे आली. अचूकतेचे प्रमाण सुमारे ४६ टक्के, म्हणजे नाणे उडवून जेवढे साधेल त्याहूनही किंचित कमी. त्या सत्तावीस जणांविषयी मला आदर वाटतो, कारण ते परीक्षेला बसले. आकर्षणाच्या नियमाचा एकही नामांकित लेखक अशा परीक्षेला बसल्याचे माझ्या वाचनात नाही.

"निदान उमेद तरी मिळते," असेही म्हटले जाते. जर्मन मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांनी नेमके हेच तपासले. पदवी घेऊन नोकरीच्या शोधात निघालेल्या तरुणांपैकी यशाची गोड स्वप्ने अधिक रंगविणाऱ्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले, त्यांना नोकरीचे प्रस्ताव कमी आले आणि पगारही कमी मिळाला, असे त्यांच्या २००२ च्या संशोधनात दिसले. कारण समजण्यासारखे आहे. मनात फळ चाखून झाले की झाडाला पाणी घालण्याची निकड उरत नाही. आपण काही करू शकू, ही अनुभवावर आधारलेली अपेक्षा वेगळी; तिचा लाभ होतो, हेही त्याच संशोधनात आहे. उमेद आणि दिवास्वप्न यांत हा फरक आहे, आणि तोच ही पुस्तके पुसून टाकतात.

आपल्या शहराकडेच पाहा. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो माणसे सुरत सोडून गेली. आपल्यापैकी अनेकांनी तेव्हाचे रेल्वे स्थानक पाहिले आहे. ते संकट कोणाच्या नकारात्मक विचारांनी आले नव्हते. पूर, तुंबलेली गटारे आणि न उचललेला कचरा डोळ्यांसमोर होता. पुढच्याच वर्षी महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवले, कचरा उचलण्याची शिस्त लावली, आणि शहर बदलले. स्वच्छ सुरतेचे मनश्चित्र रंगवून नव्हे, तर झाडू, गाड्या आणि हजेरीपट यांच्या बळावर. २००८ च्या अखेरीस अमेरिकेतील बाजार कोसळला आणि येथील हिऱ्यांचे कारखाने धडाधड बंद झाले. घंटीवर मान मोडून काम करणाऱ्या रत्नकलाकारांनी एकाच महिन्यात एकदम दारिद्र्याचा विचार सुरू केला होता काय? वराछा-कतारगामातील बेकार माणसाला "तुझी गरिबी तूच आकर्षित केलीस" असे सांगणे हे अज्ञान तर आहेच. त्याहून अधिक ते निर्दय आहे.

"पण आम्हाला अनुभव आला आहे," असे काही वाचक सांगतील. त्यांच्या प्रामाणिकपणावर माझा विश्वास आहे. मात्र ज्यांना अनुभव आला, तेच बोलतात. ज्यांना आला नाही, ते स्वतःलाच बोल लावून गप्प बसतात. वहिनींनी तो प्रश्न मला एकट्याला विचारला होता, चारचौघांत नव्हे. झोपण्यापूर्वी मन शांत करावे, कृतज्ञ राहावे, धीर सोडू नये, हा या पुस्तकांतील उपदेश चांगलाच आहे. पण तो आपल्या घरांत शुभंकरोतीपासून चालत आला आहे, आणि तो देताना आजीने कधी मोटारीचे आश्वासन दिले नव्हते. समर्थांच्या प्रयत्नवादावर वाढलेल्या समाजाला यत्नाविना फळाचे हे शास्त्र नव्याने शिकण्याची गरज भासावी, याचेच नवल वाटते.

माझे हे लिहिणे श्रद्धेवर घाला आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. याबाबतही दाखला दादोबांचाच देतो. ज्यांच्या सभेने सुरतेत मंत्रवाद्यांना आव्हान दिले, त्याच दादोबांनी उतारवयात इमॅन्युएल स्वीडनबर्ग या स्वीडिश गूढवाद्याचे ग्रंथ आस्थेने अभ्यासले आणि त्यांवर इंग्रजीत लिहिलेले त्यांचे पुस्तक १८७८ मध्ये प्रसिद्ध झाले. अदृष्टाविषयीची जिज्ञासा त्यांनी टाकली नव्हती. स्वीडनबर्ग खाणविद्येचा जाणकार अधिकारी होता. आपला मोठा ग्रंथ त्याने प्रथम निनावी छापला. त्याचे साक्षात्कार खरे की खोटे, हा वाद बाजूला ठेवू. पण त्याने त्यांचे शिबिर भरवले नाही. परलोकाचे चिंतन करणारा लेखक आणि परलोकाच्या नावावर इहलोकीची हमी विकणारा लेखक, यांत अंतर आहे. पहिल्याला आपण आदराने वाचावे. दुसऱ्याकडे पावती मागावी.

महाराष्ट्राने दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. गुजरात विधानसभेनेही ऑगस्ट २०२४ मध्ये तशा स्वरूपाचा कायदा संमत केला. अघोरी कृत्य करणारा भोंदू त्यांच्या कक्षेत येतो. गुळगुळीत वेष्टनातले पुस्तक येत नाही, आणि येऊही नये. पुस्तकांवर बंदी घालण्याची मागणी मी कधीही करणार नाही. पण म्हणूनच निवड करण्याची जबाबदारी वाचकांवर आणि आपल्यासारख्या ग्रंथालयांवर येते. आपल्या कपाटात ठेवलेल्या पुस्तकामागे मंडळाचा शब्द उभा असतो.

तेव्हा कार्यकारिणीला माझी विनंती अशी. असे पुस्तक घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. लेखक जो आहे म्हणून सांगतो, तो आहे काय? दावा कोणत्या परिस्थितीत चुकीचा ठरेल, हे तो सांगतो काय? अपयश आल्यास दोष कोणाला देतो? आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पुढील शिबिराचे शुल्क छापले आहे काय? या कसोटीला जी उतरतील, ती खुशाल घ्यावीत. व्याख्यान ठेवायचेच असेल, तर प्रश्नोत्तरांना निदान तेवढाच वेळ राखावा, आणि पहिला प्रश्न विचारण्याची परवानगी मला द्यावी. तो माझा नसेल, वहिनींचा असेल.